देश कोणत्या धर्माचा, हे नेमकं कुठे लिहिलेलं असतं?

दर २६ नोव्हेंबरला नागपूरच्या संविधान चौकात प्रास्ताविकेचं सामूहिक वाचन होतं. प्रास्ताविका म्हणजे संविधानाच्या सुरुवातीचं ते एकच लांबलचक वाक्य, ‘आम्ही भारताचे लोक’पासून सुरू होणारं. १९७६ मध्ये, आणीबाणीत, त्यात घातलेल्या ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दावरचं भांडण काही मिटत नाही. २५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द काढून टाकण्याची मागणी फेटाळली. २०२५ मध्ये आणीबाणीला पन्नास वर्षं झाली आणि मागणी पुन्हा वर आली. एक बाजू म्हणते, शब्द गेला तर सगळंच गेलं. दुसरी म्हणते, शब्द मुळात मागून घुसडलेला, देशाचा पाया वेगळाच होता. व्हॉट्सॲपवर दोन्हीकडचे संदेश फिरतात आणि कलमांचे आकडे बहुतेक दोन्हीकडे चुकलेले असतात.

खरं तर हे भांडण चुकीच्या पानावर चाललंय. राज्यसंस्थेचं (म्हणजे सरकार, विधिमंडळ, न्यायालयं आणि महापालिकेपर्यंतची सगळी सरकारी यंत्रणा) धर्माशी नातं काय, हे पहिल्या पानावरच्या विशेषणावरून ठरत नाही. ते आतल्या रटाळ कलमांत ठरतं. शपथ कशी घ्यायची, मतदारयादी कशी करायची, देवस्थानचा हिशेब कोण तपासणार, लग्न कुठल्या कायद्याने लागणार, हे ज्याने लिहिलं त्याने देशाचा धर्माशी असलेला व्यवहार लिहिला.

चार प्रश्न विचारा, पाटी पाहू नका

कुठल्याही देशाबद्दल हे चार प्रश्न विचारून बघा. एक, तो देश कोणाच्या नावाने स्थापन झाला? दोन, वरच्या पदावर बसायला धर्माची अट आहे का? तीन, सरकारी पैसा धर्मावर खर्च होतो का? चार, लग्न, घटस्फोट आणि वारसा यांचा कायदा धर्माप्रमाणे बदलतो का?

उत्तरं एका रांगेत येत नाहीत. ब्रिटनमध्ये राजा हाच चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख आणि वरिष्ठ सभागृहात २६ बिशप पदसिद्ध बसतात. म्हणजे पाटी पक्की धार्मिक, पण २०२२ मध्ये तिथे हिंदू पंतप्रधान झाला आणि कायद्याची अडचण कुठेच आली नाही. अमेरिकेच्या संविधानाने पदासाठी धर्माची अट घालायला बंदी केली आणि १७९१ च्या दुरुस्तीने अधिकृत धर्म स्थापन करायला मनाई केली. तरी १९५६ मध्ये तिथल्या संसदेने देवावर भरवसा असल्याचं राष्ट्रीय ब्रीदवाक्य केलंच. पाकिस्तानात राष्ट्राध्यक्ष मुस्लिमच असला पाहिजे, असं ४१ वं कलम सांगतं. श्रीलंकेचं संविधान बौद्ध धर्माला अग्रस्थान देतं. नेपाळने २०१५ च्या संविधानात स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हटलं आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सनातन काळापासूनच्या धर्मसंस्कृतीच्या संरक्षणाची हमी दिली. बांगलादेशची गाडी तर १९७२ पासून दोन्हीकडे फिरून आली: आधी धर्मनिरपेक्षता, मग १९८८ मध्ये इस्लाम राजधर्म, मग २०११ मध्ये दोन्ही एकत्र.

आता आपल्याकडे येऊ.

देवाचं नाव घ्यायचं की नाही: १७ ऑक्टोबर १९४९

संविधान सभेत प्रास्ताविका सगळ्यात शेवटी चर्चेला आली. १७ ऑक्टोबर १९४९ ला हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की वाक्याची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. कामत संविधान सभेवर मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले होते, म्हणजे ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती त्याच प्रांतातून. आणखीही दुरुस्त्या होत्या. गोविंद मालवीय यांना परमेश्वराचा उल्लेख हवा होता, शिब्बनलाल सक्सेना यांना ईश्वराबरोबर गांधीजींचाही. रोहिणीकुमार चौधरी यांनी विचारलं, देवच का, देवी का नको? आसाममधले ते सदस्य. कामाख्या देवीच्या मुलखातल्या माणसाने हे विचारणं साहजिकच होतं.

विरोध करणारे नास्तिक होते असं समजू नका. हृदयनाथ कुंझरू यांचा मुद्दा असा की ज्या वाक्यात आपण प्रत्येकाला विचार, श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य देतो, त्याच वाक्याच्या सुरुवातीला सगळ्यांच्या वतीने एका श्रद्धेचा उच्चार करणं विसंगत आहे. थानु पिल्लै म्हणाले, ही श्रद्धेची सक्ती होईल. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं की देवावर मतदान करण्याची पाळी सभेवर आणू नका. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनाही ते टळलं तर हवं होतं. कामतांनी आग्रह सोडला नाही. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. आपला देश कुठल्याही देवाच्या नावाने स्थापन झालेला नाही, तो ‘आम्ही भारताचे लोक’ यांच्या नावाने झाला. आणि हे अनवधानाने घडलेलं नाही. प्रश्न समोर आला, चर्चा झाली, मतं मोजली गेली.

पण देवाला हद्दपारही केलं नाही. शपथेचे मसुदे पाहा. राष्ट्रपतीपासून आमदारापर्यंत प्रत्येकाला दोन पर्याय: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’. १५ डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या राजभवनात राज्य मंत्रिमंडळातल्या ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, त्या प्रत्येकाला ही निवड होती. देव माणसाच्या वाट्याला ठेवला, राज्याच्या नाही.

मतदारयादी हाही पायाच

१९७६ आधी संविधानात धर्मनिरपेक्षता नव्हती, हा दावा तपासायला मतदारयादीसारखी दुसरी जागा नाही. १९०९ पासून इंग्रजांनी मुस्लिमांसाठी वेगळे मतदारसंघ केले होते, म्हणजे मतदार वेगळे आणि उमेदवारही वेगळे. १९३५ च्या कायद्याखाली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेत १४ जागा मुस्लिमांसाठी होत्या आणि त्यांना मत मुस्लिम मतदारच देत. नागपुरात एकाच गल्लीतले दोन शेजारी दोन वेगळ्या याद्यांत असत.

संविधान सभेने ही पद्धत मोडली. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही सोडून दिल्या गेल्या. ३२५ वं कलम सांगतं, प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असेल आणि केवळ धर्मावरून कोणी तिच्यातून वगळला जाणार नाही. पंधराव्या आणि सोळाव्या कलमांनी धर्मावरून भेदभावाला आणि सरकारी नोकरीतल्या धर्माच्या अटीला मनाई केली. हे सगळं २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे.

पदासाठी धर्माची अट नाही, एवढ्यावर कायदा थांबत नाही. धर्माच्या नावाने मत मागणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे आणि त्यासाठी निवडणूक रद्द होऊ शकते. मुंबईतली १९८७ ची विलेपार्ले पोटनिवडणूक याच कारणाने रद्द झाली. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढून मत मागणंही त्यात येतं.

मग १९७६ ला काय घडलं?

आक्षेप असा: शब्द आणीबाणीत आला, म्हणून तो बेकायदा. पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. ४२ वी घटनादुरुस्ती १९७६ ची, विरोधी पक्षाचे कितीतरी नेते तुरुंगात असतानाची. त्याआधी १५ नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शाह यांनी ‘धर्मनिरपेक्ष, संघीय, समाजवादी’ हे शब्द पहिल्या कलमात घालायची दुरुस्ती मांडली होती आणि ती फेटाळली गेली, हेही खरं.

मात्र तिथे बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मनिरपेक्षतेला विरोध केला, असं जे आज सर्रास लिहिलं जातं ते त्या दिवसाच्या भाषणात सापडत नाही. त्यांचा युक्तिवाद प्रामुख्याने ‘समाजवादी’ या शब्दावर होता: समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, आपण संविधानात बांधून टाकू नये, आणि त्यातलं जे हवं ते मार्गदर्शक तत्त्वांत आलेलंच आहे.

आणीबाणी उठल्यावर जनता सरकारने ४२ व्या दुरुस्तीतलं बरंच काही उलटवलं, पण हा शब्द काढला नाही. उलट त्याची व्याख्या ‘सर्व धर्मांना समान आदर’ अशी संविधानात घालायचा प्रस्ताव आणला. लोकसभेत तो पास झाला, राज्यसभेत अडला. २०२४ च्या निकालात न्यायालयाने एवढंच म्हटलं की संसदेचा दुरुस्तीचा अधिकार प्रास्ताविकेलाही लागू आहे आणि चव्वेचाळीस वर्षांनी याचिका घेऊन येण्याला काही सबळ कारण दिसत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९९४ च्या बोम्मई खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला होता. मूलभूत चौकट म्हणजे संविधानातला तो गाभा जो संसदेला दुरुस्ती करूनही मोडता येत नाही. शब्द उद्या काढला तरी ३२५ वं कलम, पंचविसावं कलम, शपथेचे दोन पर्याय जागच्या जागी राहतील. म्हणून म्हटलं, भांडण चुकीच्या पानावर आहे.

भिंत नाही, उपविधी आहेत

बरेच जण समजतात की धर्मनिरपेक्ष म्हणजे सरकारने धर्माच्या वाटेला जायचं नाही. अमेरिकेत ही कल्पना काही अंशी चालते. आपल्याकडे नाही, आणि ती तशी कधी ठरलीही नव्हती.

हाऊसिंग सोसायटीचं सभागृह डोळ्यांसमोर आणा. तिथे कोणी सत्यनारायण घालतो, कोणी मिलाद ठेवतो, कोणी बुद्धवंदना घेतो. सोसायटीने यांतलं एकही स्वतःचं म्हणून करायचं नसतं आणि देखभाल खर्चाच्या वर्गणीतून करायचं नसतं. पण रात्री दोनला भोंगा लागला, किंवा एखाद्या सभासदाला ‘तू आत यायचं नाहीस’ असं सांगितलं गेलं, किंवा कार्यक्रमाच्या नावाने गोळा केलेल्या पैशाचा हिशेब मिळेना, तर सोसायटी मध्ये पडते. पूजा कशी करायची हे मात्र ती सांगत नाही.

पंचविसाव्या कलमाची रचना अशीच आहे. लोक त्यातला अधिकार वाचतात आणि त्याच्या आधीची अट सोडून देतात. कलम सुरूच होतं ते ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातील इतर तरतुदींच्या अधीन राहून’ अशा अटीने. मग सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आणि धर्म पाळण्याचा, आचरण्याचा, प्रसार करण्याचा अधिकार येतो. लगेच पुढे दोन खिडक्या ठेवल्या आहेत. धर्माशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांवर सरकार कायदा करू शकतं. आणि समाजसुधारणेसाठी, तसंच सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थानं सर्व वर्गांना खुली करण्यासाठीही करू शकतं. तुमचा अधिकार आणि त्यावरचा सरकारचा अधिकार एकाच कलमात शेजारी बसवले आहेत.

सव्विसावं कलम संप्रदायांना आपले धार्मिक कारभार सांभाळायचा अधिकार देतं, पण त्याच्या सुरुवातीला ‘इतर तरतुदींच्या अधीन’ हे शब्द नाहीत. फक्त सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य आहे. एवढ्याशा फरकावर मोठमोठे खटले उभे राहिले, कारण व्यक्तीचा प्रवेशाचा हक्क आणि संप्रदायाचा कारभाराचा हक्क समोरासमोर आले की कुठलं कलम वरचढ, हे दर वेळी नव्याने भांडावं लागतं. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालयं ‘ही प्रथा त्या धर्मात अत्यावश्यक आहे का’ हे तपासत आली आहेत. न्यायाधीशांनी धर्मशास्त्र ठरवावं का, ही शंका रास्त आहे. मला तरी या कसोटीचा गोंधळ वाढवण्यापलीकडे फारसा उपयोग झालेला दिसत नाही.

‘मंदिरंच का सरकारच्या ताब्यात?’

महाराष्ट्रात या आक्षेपाचं उत्तर तमिळनाडूपेक्षा (जिथे बऱ्याच देवळांचा कारभार सरकारी खात्याकडे आहे) वेगळं आहे, आणि दक्षिणेतले संदेश जसेच्या तसे इकडे फिरवले की घोटाळा होतो. आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. मंदिर, चर्च, गुरुद्वारा, विहार, शाळा चालवणारी संस्था, सगळ्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यायचा. दरवर्षी लेखापरीक्षण. स्थावर मालमत्ता विकायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची, तर कलम ३६ खाली आधी परवानगी. गावोगावच्या देवस्थानांचे वाद बघितले तर बहुतेक देवावरून नसतात. बदल अहवाल वर्षानुवर्षं प्रलंबित राहतो, जुने आणि नवे दोन्ही विश्वस्त आपणच खरे म्हणतात, आणि दानपेटीची किल्ली कोणाकडे यावर पोलिसांत तक्रार जाते. वक्फ मालमत्तांसाठी वेगळा कायदा आणि वेगळं मंडळ आहे, तिथेही सरकारचा हात आहेच.

काही मोठ्या देवस्थानांसाठी मात्र राज्याने खास कायदे केले: पंढरपूर १९७३, सिद्धिविनायक १९८०, शिर्डी २००४. पंढरपूरच्या कायद्याने बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन जानेवारी २०१४ मध्ये संपलं. पूजा चालूच आहे. बदललं ते एवढंच, की पूजेच्या उत्पन्नावर कोणाचा हक्क. अशा खास कायद्यांचा भार हिंदू देवस्थानांवरच जास्त पडतो, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं चूक नाही. विश्वस्त म्हणून राजकीय कार्यकर्त्यांची सोय लावली जाते, तेव्हा त्यांचा राग आणखी रास्त ठरतो.

कोराडीला रस्ता, ताजबागला दिवे: पैसा कोणाचा?

सत्ताविसावं कलम पुष्कळ जण ‘सरकार धर्मावर पैसा खर्च करू शकत नाही’ असं वाचतात. ते तसं म्हणत नाही. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेला कर भरायला कोणाला भाग पाडता येणार नाही, एवढंच ते म्हणतं. सर्वसाधारण तिजोरीतून यात्रेच्या सोयी करायला त्याने आडकाठी नाही. संविधानातच २९० ‘अ’ कलम आहे: केरळच्या तिजोरीतून त्रावणकोर देवस्वम (म्हणजे देवस्थान) निधीला दरवर्षी साडेसेहेचाळीस लाख, तमिळनाडूच्या तिजोरीतून तिथल्या देवस्वम निधीला साडेतेरा लाख. जुन्या त्रावणकोर संस्थानाने देवळांच्या जमिनी घेतल्या होत्या, विलीनीकरणात त्यांची देणी नव्या राज्यांवर आली. दुसऱ्या टोकाला हजचं अनुदान. २०११ मध्ये न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं नाही, २०१२ मध्ये दहा वर्षांत संपवायला सांगितलं, आणि २०१८ पासून ते बंद झालं.

नागपूर जिल्ह्यात कोराडीचं जगदंबा मंदिर, ताजबागचा दर्गा आणि दीक्षाभूमी, तिन्ही ठिकाणी राज्याने विकासकामांना निधी दिला आहे. नियम साधा ठेवता येतो: भाविकासाठी रस्ता, पाणी, शौचालय, दिवे चालतील; पूजेचा खर्च नको. पण निधीबरोबर सरकारी आराखडाही येतो, हे विसरलं की काय होतं ते १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर दिसलं. भूमिगत पार्किंगच्या कामाने स्तूपाला धोका पोहोचेल म्हणून लोक उसळले आणि सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली.

रेषा कुठे ओलांडली जाते याचं उदाहरणही शहरातलंच. एप्रिल २०१६ मध्ये नागपूर महापालिकेने एका मंदिर ट्रस्टबरोबर कस्तुरचंद पार्कवर एड्स जनजागृती आणि हनुमान चालिसा पठण असा जोडकार्यक्रम ठरवला. याचिका झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विचारलं, चालिसाच का, इतर धर्मांचे ग्रंथ का नाहीत? शेवटी दोन्ही कार्यक्रमांमध्ये अंतर ठेवायला लावलं. ट्रस्टने चालिसा म्हणावी, महापालिकेने एड्सबद्दल सांगावं. मैदान तेच, आयोजक वेगळे.

लग्न आणि वारसा: इथे धर्म कायद्यातच बसलेला आहे

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत गुंतागुंतीचं. लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा यांचे धर्मानुसार वेगवेगळे कायदे म्हणजे व्यक्तिगत कायदे. ४४ वं कलम समान नागरी कायद्यासाठी राज्याने प्रयत्न करावा म्हणतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात जाऊन अंमल मागता येत नाही. १९५५-५६ मध्ये संसदेने हिंदूंचे चार कायदे केले. त्यासाठीचं मूळ विधेयक रखडलं म्हणूनच बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

‘मग फक्त हिंदूंच्याच कायद्यात हात का घातला?’ निम्मं खरं. मुस्लिम स्त्रियांच्या घटस्फोटाचा कायदा १९३९ चा, ख्रिश्चनांच्या घटस्फोटाच्या कायद्यात २००१ मध्ये बदल झाले, तिहेरी तलाक २०१७ मध्ये रद्द ठरला आणि २०१९ मध्ये गुन्हा झाला. पण १९५० च्या दशकात हिंदू कायद्याची जेवढी फेररचना झाली तेवढी दुसऱ्या कुठल्याही समाजाची झाली नाही, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणाऱ्या १९८५ च्या शाहबानो निकालानंतर संसदेने कायदा करून घेतलेली माघार लोक विसरलेले नाहीत. उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून आपला समान कायदा लागू केला, त्यातूनही अनुसूचित जमाती वगळल्या आहेत.

धर्म टाळून लग्न करायची वाट १९५४ पासून आहे: विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेलं असावं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती ३० दिवस फलकावर, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आक्षेप चार-पाच कारणांनीच घेता येतो: आधीचं लग्न, वय, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं. ‘घरच्यांना मान्य नाही’ हे कारण कायद्यात नाही, तरी ते लिहून देणारे नातेवाईक येतात, कारण फलकावरची नोटीस त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोहोचवतंच. उलट बाजूची चूकही होते: हार घालून फोटो काढायचा आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करायची. विधी झालाच नसेल तर नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

धर्म बदलला तर काय बदलतं?

हा प्रश्न नागपूरचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या विजयादशमीला इथे बाबासाहेबांनी आणि लाखो अनुयायांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच वर्षी, त्याच शहरातून, आणखी एक कागद निघाला होता. नागपूर ही तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी होती, आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा मिशनऱ्यांच्या धर्मांतर कार्यावरचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेल्या धर्मस्वातंत्र्य कायद्याच्या (म्हणजे बळजबरीने किंवा आमिषाने केलेल्या धर्मांतरावर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या) चर्चेत हा अहवाल सतत असे. तो कायदा आणि ओडिशाचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा १९७७ मध्ये निकाल लागला: धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे आपली तत्त्वं सांगण्याचा हक्क; दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क नव्हे. स्वतः विचार करून धर्म बदलण्याचं सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य त्याने कुठे जात नाही.

मालमत्तेचं काय? हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला, दीक्षेच्या चार महिने आधी, आणि त्यात बौद्ध, जैन, शीख सामावलेले होते. त्यामुळे बौद्ध झालेल्यांच्या वारशाला धक्का लागला नाही. ख्रिश्चन किंवा मुस्लिम झालेल्या व्यक्तीचाही स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही, असं त्या कायद्याचं कलम २६ सांगतं. घरातल्या वाटण्यांत हे कलम फार उशिरा आठवतं.

खरा फटका बसला तो आरक्षणात. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा, पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना दिला होता. १९५६ मध्ये बाकीचे शीख आले. बौद्ध आले ते थेट १९९० मध्ये, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. तोवर केंद्राच्या नोकरीसाठी धर्म लिहायचा की जात, हा पेच नागपुरातल्या घराघरांत होता. ख्रिश्चन आणि मुस्लिम दलितांना तो दर्जा अजून नाही. त्यावर विचार करायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

या चौतीस वर्षांचा माग आजही सेतू केंद्राच्या खिडकीवर लागतो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. १९५६ नंतर शाळेत नाव घातलेल्यांच्या टीसीवर पुष्कळदा नुसतं ‘बौद्ध’ लिहिलेलं असतं, आणि बौद्ध हा धर्म आहे, यादीतली जात नाही. अर्ज तिथेच अडतो. मग आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा किंवा कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते, ज्यात मूळ जात लिहिलेली असेल, आणि त्या नोंदीतल्या माणसाशी आपलं नातं जोडणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. जुन्या नोंदींत आडनाव नसतं किंवा वेगळं असतं, तिथे दुसरी घसरण. धर्मांतरित बौद्धांसाठी दाखल्याचा नमुना वेगळा आहे. राज्याचा नेहमीचा दाखला काढून केंद्राच्या भरतीला जोडला तर कागदपत्र तपासणीच्या दिवशी तो परत येतो. त्यामुळे अर्ज करतानाच खिडकीवर सांगायचं, दाखला केंद्रासाठी हवा आहे, आणि मूळ जात असलेल्या जुन्या नोंदीची प्रत सोबत ठेवायची.